स्ट्रोकनंतर खांदा दुखतोय, तर नेमकी कुठली थेरपी घ्यायची?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. आईंचं वय ६४, शुगर आहे, अडीच महिन्यांपूर्वी डाव्या अंगावरनं वारं गेलं, दवाखान्यातनं घरी आल्या तेव्हा हात पार लुळा होता, आता कोपरात आखडायलाय आणि गेले तीन आठवडे खांदा एवढा दुखायलाय की रात्री झोप नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तुळईला पुली बांधलीय, मावशी रोज तेल लावून रगडतात, वर मिठाच्या पुरचुंडीनं शेक. एका डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन सांगितलं, दुसऱ्यांनी बोटॉक्स (ताठ स्नायू सैल करायचं इंजेक्शन), आणि एका सेंटरवाल्यानं २१ दिवसांचं मशीनचं पॅकेज. यातलं बेस्ट कुठलं आणि एवढं दुखतंय म्हणजे हात कायमचा गेला का, असं तुम्ही विचारताय.

मी बेळगावात बरीच वर्षं न्यूरो फिजिओथेरपी करते, खानापूर, हुक्केरी, निपाणीकडचे पेशंट रोजचेच, म्हणून तुमच्या घरात काय चाललं असेल ते मला बऱ्यापैकी डोळ्यापुढं येतं. पहिलं काम, ती पुली आजच सोडा. बाकीचं सगळं नंतर.

स्ट्रोकनंतर खांदा दुखणं हा काही एकच आजार नाही. चार-पाच वेगवेगळी कारणं असतात, पेशंट मात्र 'खांदा दुखायलाय' एवढंच सांगतो, आणि एका कारणाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला काही करत नाही, कधीकधी उलट त्रास देतो. त्यामुळं तिघांनी तीन उपाय सांगितले म्हणजे तिघंही चुकीचे असं नाही, पण आईंचा खांदा नेमका कशानं दुखतोय हे हात हलवून बघून कुणी सांगितलं का, ते तुमच्या लिहिण्यात कुठं दिसलं नाही. ते आधी ठरायला पाहिजे. आणि कारण काहीही निघो, घरात दिवसभर हात कसा धरला जातो हे सुधारलं नाही तर महागातली थेरपीसुद्धा वाया जाते. थेरपिस्टकडं रोज पाऊण तास, बाकीचे सव्वातेवीस तास तो हात घरच्यांच्याच हातात असतो.

आता पुली का नको ते सांगते. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर लिंबू ठेवल्यासारखा आहे, खोबण अगदी उथळ, त्यात दंडाचा गोळा धरून ठेवायचं काम हाडं करत नाहीत, आजूबाजूचे स्नायू करतात, त्यातही वरचा सुप्रास्पायनेटस आणि डेल्टॉइडचा मागचा भाग. वारं गेल्यावर हे स्नायू झोपतात, आणि हाताचं वजन अंगाच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या खांद्याला ३ किलो सतत लोंबकळत असतात. गोळा खाली सरकतो, खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढा खड्डा पडतो. याला आम्ही सब्लक्सेशन म्हणतो. आणखी एक गोष्ट, आपण हात पूर्ण वर नेतो तेव्हा ती १८० अंशांची हालचाल एकट्या गोळ्याची नसते, अंदाजे १२० अंश गोळा फिरतो आणि ६० अंश पाठीवरचं पातं फिरतं. वारं गेलेल्या बाजूला पातं फिरतच नाही. अशात चांगल्या हातानं पुलीची दोरी ओढली की दुखरा हात वर जातो खरा, पण पातं जागेवरच, मग गोळा वरच्या हाडावर आपटतो आणि मधले स्नायू, त्यांच्या दोऱ्या चेंगरतात. रोज ५० वेळा ओढलं तर रोज ५० वेळा चेंगरतात. १९९० साली अमेरिकेत यावर एक अभ्यास छापून आला होता, स्ट्रोकच्या पेशंटना वेगवेगळ्या पद्धतीनं हाताचा व्यायाम दिला, पुलीवाल्या गटात अर्ध्याहून जास्त लोकांना खांद्याचं दुखणं सुरू झालं, आणि थेरपिस्टनं हातानं अलगद हलवलेल्या गटात अगदी थोड्यांना. इतकी जुनी माहिती असून अजून गावोगावी तुळईला पुली दिसते याचं मला फार वाईट वाटतं, कारण बांधणारा जीव लावूनच बांधतो.

आता हात धरण्याचं, इथं मी जरा जास्त लिहिणार आहे. आईंना खाटेवरनं उठवताना दंडाला किंवा काखेत हात घालून वर ओढता का? जमिनीवर जेवायला बसवून परत उठवताना? बसमध्ये चढवताना तर हमखास होतं, पायरी उंच, खालनं एक जण ढकलतो, वरनं एक जण हात धरून खेचतो, आणि मागची माणसं घाई करायला लागतात, त्या एका हिसक्यात खांद्याचं महिन्याभराचं नुकसान होतं. टू-व्हीलरवर दोघांच्या मध्ये बसवून आणायची पद्धत आपल्याकडं आहे, हात बाजूला लोंबकळत राहतो, खड्ड्याखड्ड्याला हिसके बसतात. त्यापेक्षा दुखऱ्या बाजूला उभं राहा, एक हात पाठीमागनं पात्यावर सपाट ठेवा, दुसऱ्या हातानं कंबरेचा पट्टा धरा, पट्टा नसेल तर साडीवरनं सुती ओढणी कंबरेला घट्ट बांधा आणि ती धरा. दंड, मनगट, काख, कुठंच ओढायचं नाही. आणि काही महिने जमिनीवर बसवू नका, खुर्ची आणि पुढ्यात टेबल, टेबलावर उशी, उशीवर हात.

झंपर घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, चांगला आधी, दुखरा शेवटी. बाही सैल ठेवा, शक्यतो पुढनं बटणाचंच. सूनबाई हे करत असतील तर त्यांना हे वाचून दाखवा, घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगा, कारण गावात माणूस बघायला आला की हात हातात घेऊन वर उचलून बघतोच.

डाव्या बाजूला वारं गेलंय म्हणजे मार मेंदूच्या उजव्या बाजूला बसलाय, आणि अशा बऱ्याच पेशंटचं डाव्या अंगाकडं लक्षच राहत नाही. हात खुर्चीच्या बाजूनं खाली लोंबतोय, चाकात अडकलाय, स्वतःच्याच अंगाखाली दबलाय, तरी त्यांना पत्ता नसतो. आईंचा हा हट्ट नाही, हा स्ट्रोकचाच भाग आहे, त्यांच्यावर चिडू नका. त्यांच्याशी बोलायला डाव्या बाजूनं या, पाण्याचा तांब्या डावीकडं ठेवा, हात कुठं आहे ते त्यांना बघायला लावा. त्यातच त्वचेची जाणीवही कमी झालेली असू शकते, म्हणून ती मिठाची पुरचुंडी मला बघवत नाही. भाजलेलं मीठ किती गरम आहे ते त्यांना कळणार नाही, शुगर असल्यामुळं भाजलेलं लवकर भरणार नाही. शेक द्यायचाच असेल तर कोमट ओल्या टॉवेलचा, आधी स्वतःच्या मनगटावर बघून, दहा मिनिटं. तेल हलक्या हातानं लावलं तर हरकत नाही, आईंना बरं वाटत असेल, मावशींचं मनही राहील, पण रगडणं, हिसका देऊन कट् असा आवाज काढणं बंद. कबुतराचं रक्त चोळायचा सल्लाही कुणी ना कुणी देईल, त्याला सरळ नाही म्हणा, त्यानं काही होत नाही आणि त्या नादात दिवस मात्र जातात.

झोपवणं हीसुद्धा थेरपीच आहे, आणि रात्रीच्या दुखण्यावर मी सगळ्यात आधी हीच देते. उताणं झोपवताना पात्याखाली पातळ घडी केलेला टॉवेल, म्हणजे खांदा मागं पडत नाही, हात अंगापासनं थोडा लांब उशीवर, तळहात वर. चांगल्या कुशीवर झोपवलं तर छातीपुढं दोन उशा आणि त्यावर दुखरा हात पुढं, पंजा उशीच्या कडेवरनं खाली लोंबू द्यायचा नाही. दुखऱ्या कुशीवर झोपवायचं असेल तर खांदा पुढं काढून घ्या, वजन खांद्याच्या टोकावर न येता पात्यावर आलं पाहिजे, आणि दुखलं तर सध्या ती कूस सोडून द्या. याशिवाय दिवसातनं दोनदा अर्धा-अर्धा तास उताणं झोपवून कोपर अंगाजवळ, पंजा बाहेरच्या बाजूला वळवून उशीच्या आधारानं ठेवा, दुखत नाही तिथपर्यंतच. खांदा आखडतो तेव्हा हात बाहेर वळवणं सगळ्यात आधी जातं, ते टिकवायसाठी हे.

आता कारणाकडं येऊ. तुम्ही डॉक्टर नाही, पण एवढं बघून ठेवा म्हणजे दवाखान्यात नीट सांगता येईल. हात लुळा आहे, खांद्याच्या टोकाखाली खड्डा आहे, बसल्यावर जड वाटतं आणि हाताला आधार दिला की बरं वाटतं, तर सब्लक्सेशनचा वाटा असणार. पण खड्डा आहे म्हणजे दुखणं त्यानंच आहे असं धरू नका, खड्डा असून न दुखणारे पेशंट कितीतरी असतात. कोपर वाकलंय, दंड छातीला चिकटलाय, हात बाहेर न्यायला गेलं की ताठ होतो आणि दुखतो, पटकन हलवलं तर जास्त आणि हळू हलवलं तर जरा सैल, तर ती स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा. कितीही हळू नेलं तरी ठराविक ठिकाणी जाऊन अडतंच, रात्री ठणकतं, तर फ्रोझन शोल्डर, शुगरवाल्यांना तो एरवीही जास्त होतो. अंगाच्या अख्ख्या अर्ध्या बाजूला आग-आग, मुंग्या, पंख्याचा वारा किंवा पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, तर ते दुखणं खांद्यात नसून मेंदूतनंच आलेलं असू शकतं, तिथं खांदा कितीही शेकला तरी फरक पडत नाही, त्याची औषधं वेगळी, अमिट्रिप्टिलिन, लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिनसारखी, ती न्यूरॉलॉजिस्टच देणार.

आणि पंजा. पंजा सुजलाय, चकाकतोय, गरम लागतोय, रंग बदललाय, बोटं मिटवायला गेलं की आई ओरडतात, असं असेल तर त्याला शोल्डर-हँड सिंड्रोम किंवा सीआरपीएस म्हणतात, आणि यात वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. सुरुवातीला डॉक्टर बऱ्याचदा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स देतात, शुगरवर लक्ष ठेवून, सोबत हात उंच ठेवणं, हलक्या हालचाली, वेगवेगळ्या कापडांचा स्पर्श हळूहळू सवयीचा करणं, आणि मिरर थेरपी. मिरर थेरपी ऐकायला खोटी वाटते, आरशात चांगल्या हाताची हालचाल बघायची आणि दुखरा हात आरशामागं, पण या दुखण्यात तिचा उपयोग दिसलाय आणि खर्च एका आरशाचा. पंजा सुजलेला असताना कुणी बोटं जबरदस्तीनं मिटवत असेल तर थांबवा.

शिवाय आईंना डावा खांदा दुखतोय आणि शुगर आहे, म्हणून हे वेगळं लिहिते. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर घाम, धाप, छातीत दाबल्यासारखं, मळमळ यातलं काही असेल तर ते स्ट्रोकचं समजून घरी बसू नका, लगेच ईसीजी. आणि मधे कधी पडल्या असतील तर आधी एक्स-रे.

आता तुमचे तीन पर्याय. सांध्यातलं स्टिरॉइड इंजेक्शन फ्रोझन शोल्डर असेल किंवा आतली सूज असेल तर चांगलं काम करतं, नुसत्या लुळ्या हातासाठी त्याचा उपयोग नाही. घेतलंत तर पुढचे काही दिवस शुगर वाढते, आठवडाभर रोज तपासा आणि शुगरच्या डॉक्टरांना आधीच कल्पना द्या. याच्या जोडीला आणखी एक उपाय आहे जो आपल्याकडं कमी सुचवला जातो, सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह ब्लॉक, खांद्याची जाणीव नेणाऱ्या नसेजवळ औषध सोडतात, ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात स्ट्रोकच्या पेशंटना १२ आठवड्यांपर्यंत दुखणं कमी राहिलेलं दिसलं. भूल देणारे डॉक्टर किंवा पेन क्लिनिकवाले हे करतात, विचारून बघा. बोटॉक्स फक्त स्पॅस्टिसिटीसाठी, म्हणजे छातीचा आणि पात्याखालचा स्नायू ताठ होऊन दंड आत ओढत असेल तरच. असर साधारण ३ ते ४ महिने टिकतो, आणि त्या काळात रोजचं स्ट्रेचिंग केलं नाही तर पैसे पाण्यात. आईंचं कोपर नुसतं आखडायला लागलंय, त्यामुळं आधी स्पॅस्टिसिटी किती आहे ते मोजून घ्या, लगेच कर्ज काढायला जाऊ नका.

मशीनच्या पॅकेजबद्दल मी जरा कडक आहे. विचारा, कुठलं मशीन? अल्ट्रासाउंडची डोकी फिरवणार असतील तर या दुखण्यात त्याचा फायदा दिसला नाही हे १९७२ सालीच छापून आलंय. टेन्सनं, म्हणजे त्वचेवर पॅड लावून हलका करंट द्यायच्या मशीननं, काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, वाईट नाही, पण त्यासाठी एवढे पैसे नकोत. हात अजून ढिला असेल तर मी एनएमईएस मात्र जरूर करते, सुप्रास्पायनेटस आणि मागच्या डेल्टॉइडवर पॅड लावून करंटनं ते स्नायू आवळायला लावायचे, स्ट्रोकनंतर जितकं लवकर सुरू होईल तितकं गोळा खाली सरकणं कमी करता येतं. दुखणं त्यानंच थांबेल असं मात्र सांगता येत नाही, आणि पेसमेकर असेल तर चालत नाही. हे दोन-तीन दिवसांचं काम नाही, आठवडे लागतात, म्हणून छोटं मशीन भाड्यानं घेऊन घरी करायला शिकवणारा थेरपिस्ट मिळाला तर उत्तम. टेपिंगनंही, म्हणजे खांद्याला आधाराच्या चिकटपट्ट्या लावल्यानं, काहींना आराम पडतो, पण शुगरमुळं त्वचेवर लक्ष ठेवा, खाज किंवा लाली दिसली की काढा. आणि गळ्यातली झोळी चालताना ठीक, बसल्यावर काढायचीच, दिवसभर अडकवून ठेवली तर हात त्याच आकारात आखडतो.

घरचा व्यायाम रोज तीन वेळा, दहा-दहा मिनिटं पुरे. सुरुवात पात्यापासनं, आईंना चांगल्या कुशीवर झोपवून तुमचा तळवा पात्यावर ठेवून ते पुढं-मागं, वर-खाली सरकवायचं. पातं सैल झाल्याशिवाय हात खांद्याच्या उंचीच्या वर न्यायचाच नाही, आणि नेताना तळहात वर वळवूनच. मग टेबलावर गुळगुळीत कापड, त्यावर दोन्ही हात, चांगला हात दुखऱ्यावर ठेवून कापड पुढं सरकवत कंबरेतनं वाकायचं. यात आई स्वतः वाकतात, त्यामुळं हात ओढला जायची भीती राहत नाही. थोडी हालचाल परत यायला लागली की कामाची हालचाल द्या, वाटाण्याच्या शेंगांची परडी धरून ठेवणं, टॉवेलनं टेबल पुसणं, पेला सरकवणं. व्यायामात थोडं ताणल्यासारखं वाटलं तर चालतं, पण टोचून दुखलं तर तिथंच थांबायचं, 'सोसलं म्हणजे सुटेल' हे या खांद्याला लागू होत नाही. मेडिकलमधनं डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर आणू नका, स्ट्रोकनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, त्यावर या गोळ्या म्हणजे रक्तस्राव, किडनी आणि परत अटॅक असा तिहेरी धोका. झोपेआधी पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

कुठं जायचं विचारलंत. बेळगावात सिव्हिलला, म्हणजे बिम्सला, फिजिओथेरपी विभाग आहे, केएलईच्या फिजिओथेरपी कॉलेजची ओपीडी आहे, काही जण मिरज-कोल्हापूरला जातात तेही चालेल, पण आठवड्यातनं तीन दिवस आईंना प्रवास घडवून खांदा हिसकवण्यापेक्षा आठवड्यातनं एकदा चांगल्या थेरपिस्टकडं आणि बाकी घरी, हे मला जास्त पटतं. आणि खानापूर तालुक्यात पावसाळ्यात मलप्रभा चढली की कितीतरी गावांना बाहेर पडताच येत नाही, म्हणून घरचा प्लॅन हवाच. व्यायामाचा छापील कागद कानडी किंवा इंग्रजीत मिळाला तर तसाच खिशात घालून येऊ नका, थेरपिस्टला विचारून सूनबाईंचा हात लावून करतानाचा व्हिडिओ मोबाईलवर काढून घ्या.

हात कायमचा गेला का, तर दुखण्यावरनं ते ठरत नाही. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या ३ ते ६ महिन्यांत होतो, नंतरही हळूहळू चालू राहतो, आणि आई अजून त्याच काळात आहेत. दुखणाऱ्या हाताला माणूस वापरत नाही, वापरला नाही तर तो मागं पडतो, म्हणूनच दुखणं आधी कमी करायची एवढी घाई. पुली बंद, ओढणं बंद, उशा आणि पात्याचा व्यायाम सुरू, असं दोन आठवडे करा आणि त्याच काळात एकदा नीट तपासून कारण ठरवून घ्या. मग मला लिहा, रात्री सलग झोप किती लागते, हात बाहेर वळवताना कुठं अडतो, पंजा सुजतो का आणि फास्टिंग शुगर किती आहे. इंजेक्शन घ्यायचं की नाही ते त्यावरनं बोलता येईल.